चार पंचांगं आणि एक कॉम्प्युटर
परवा टेबलफॅन पुसून लावला, तर तापलेल्या धुळीचा वास आला आणि वाकोल्याच्या घरातला जुना कॉम्प्युटर आठवला. तेव्हा आईने नुकतीच गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घ्यायला सुरुवात केली होती, पण तो चालू होईपर्यंत मुलं कंटाळून निघून जायची. "बंदच करते आता," असं ती म्हणू लागली, तेव्हा एका सकाळी मी त्याच्या आतली धूळ झटकली आणि सेटिंग उघडून बघितलं. चालू होतानाच आपोआप उघडणारे ढीगभर प्रोग्रॅम निघाले, त्यात चार तर नुसती पंचांगं. "बाबा, चार कशाला?" "एकात मुहूर्त नाही मिळाला तर दुसऱ्यात बघतो ना." मी सगळंच बंद केलं, बटण दाबलं आणि तो चालू होईपर्यंत वेळ आहे म्हणून आई सवयीने केस धुवायला गेली. कॉम्प्युटर मात्र लगेच चालू झाला. मी हौसेने शिकवणीही जोडून ठेवली, आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेली आई थेट कॅमेऱ्यासमोर आली. "बाई, आज लवकर आलात," पडद्यावरून एक मुलगी म्हणाली. आई टॉवेल घट्ट करत खुर्चीत बसली. "आले ना. चला, वह्या काढा." बाबा स्वयंपाकघरात तोंड दाबून हसत होते. आता मीही घरूनच काम करते, आणि मीटिंगमध्ये केस विस्कटलेले दिसले तरी फारसं मनावर घेत नाही.