आमच्या गोलकीपरला कोणाची हरकत होती

मी लिहावं की नाही याची मला अजून खात्री नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील बहारीनमध्ये सलमानियाच्या हॉस्पिटलात चादरी आणि गाउन धुण्याच्या विभागात होते, आई वसईला चौथीपर्यंत शिकलेली. पुस्तकं लिहिणारी माणसं वेगळी असतात, असं आमच्याकडे सगळेच समजत. त्यातून मला लिहायचंय ते एका सतत हरणाऱ्या फुटबॉल टीमबद्दल, आणि तेही रागानं. पण राग इतकी वर्षं उतरला नाही, तेव्हा तो खरा असावा. माझ्याकडे तेवढाच आधार आहे.

ऐंशीनंतरची ती पहिली वर्षं. बहारीनमधल्या आमच्या कॉलेजची टीम होती, म्हणजे जर्सी होत्या. मैदान वाळूचं, त्यावर रेषा जळक्या इंजिन ऑइलनं आखलेल्या. घसरून पडलं की मांडी सोलून निघायची आणि चड्डीला काळा डाग लागायचा. तो डाग आईला निघत नसे. जन्मभर धुलाईत काम केलेल्या वडिलांनाही निघत नसे, आणि त्यांना त्याचा माझ्या हरण्यापेक्षा जास्त त्रास होई.

आम्ही हरायचो, कारण खेळाडू मिळत नसत. चांगलं खेळणारी बहारीनी मुलं आपापल्या गावच्या क्लबांची. क्लब त्यांना लहानपणीच बांधून घेत, मग कॉलेजसाठी त्यांनी बूट घातलेलेही क्लबांना खपत नसत. आमचा कॅप्टन सनद गावचा होता. त्याचं क्लबशी भांडण झालं होतं, म्हणून तरी तो आमच्या वाट्याला आला. उरलो आम्ही बाहेरून आलेल्यांची मुलं. आमच्या घरांतून उत्तर ठरलेलं असायचं: फी भरतो ती शिकायला. तेही कसं चूक म्हणू? माझ्या घरातही तेच म्हणत होते.

कोच म्हणजे आमचे गणिताचे सुदानी सर. त्यांनी खेळाडू शोधायचं काम मला दिलं, कारण मला मराठी, हिंदी, इंग्रजी आणि मोडकंतोडकं अरबी येत होतं. खेळात मी साधारणच, लेफ्ट बॅक. त्या वर्षी कॉलेजनं सांगून टाकलं होतं की लीग सुरू व्हायच्या आत अकरा नावं गेली नाहीत तर टीम बंद, आणि मैदानावर स्टाफच्या गाड्या लागतील. आमच्याकडे दहा होते. गोलकीपर नव्हता. दर मॅचला कुणीतरी एक नाराजीनं गोलमध्ये उभा राहायचा.

तो मला सापडला क्रिकेटमध्ये. शुक्रवारी चर्चमधल्या मिसानंतर आमची वसईची पोरं मनामा शहरात एका मोकळ्या प्लॉटवर क्रिकेट खेळत. त्यात एक उंच मुलगा विकेटकीपिंग करायचा. टेनिसचा चेंडू, खाली खडे, उसळी कुठेही जाणार, आणि हा एकही सोडत नव्हता. आमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला, अकाउंट्सला. वडील एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर. त्याच्याही घरात कॉलेज बघितलेला तोच पहिला. मी विचारलं तर म्हणाला, मला आवडेल, पण घरी तू बोल.

सर टाय लावून, मनामातल्या बेकरीतून केकचा डबा घेऊन माझ्याबरोबर त्याच्या घरी आले. त्याच्या आईनं एकदा टायकडे बघितलं, एकदा डब्याकडे.

"हे काय, मुलगा बघायला आलात काय? मग हुंडा तुम्ही द्यायचा, आधीच सांगते."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं. त्यांनी विचार केला आणि गंभीरपणे सांगितलं की कॉलेजकडे त्यासाठी बजेट नाही, फक्त बूट देता येतील. आंटी इतक्या हसल्या की आतून शेजारीण बघायला आली. तिथंच अर्धं काम झालं.

अंकल मात्र हसले नाहीत. हात मोडला तर काय, मिस बुडलं तर काय, परीक्षेच्या दिवसांत काय, त्यांनी सगळं विचारून घेतलं. सरांनी एकेका प्रश्नाला उत्तर दिलं आणि आठवड्यातून एकदा गणित स्वतः शिकवायचं कबूल केलं. शेवटी अंकल म्हणाले, "खेळू दे त्याला. पण कॉलेज सुटता कामा नये. माझं तेवढं एकच मागणं आहे."

त्यानंतरच्या सरावाचे दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस आहेत, हे लिहायला मला संकोच वाटतो, पण आहेत. तो ओरडायचा नाही. बाकीचे गोलकीपर बॅकच्या नावानं शिव्या घालतात, हा फक्त चेंडू घ्यायचा आणि हळूच म्हणायचा, "जा, मी आहे." मागे कुणी आहे म्हटल्यावर मी चक्क पुढे जाऊन खेळू लागलो. एक सरावाची मॅच आम्ही बरोबरीत सोडवली. कॅप्टन वाळूत गुडघे टेकून बसला, जणू आम्ही कप जिंकलो होतो.

अकरा नावं झाली. यादी सहीसाठी कॉलेजच्या ऑफिसातल्या साहेबांकडे गेली. साहेब मूळचे पुण्याचे. मी दिसलो की "अरे ये, आपलाच मुलगा" म्हणायचे. त्यांनी यादी वाचली आणि गोलकीपरच्या नावावर पेन थांबवलं.

"हा वडिलांच्या व्हिसावर आहे ना? मग वडिलांच्या कंपनीचं एनओसी आणा."

एनओसी म्हणजे आपली हरकत नाही असं मालकाचं पत्र. तिकडे नोकरी बदलायची, बायकोला आणायचं, गाडी शिकायची, कशालाही ते लागायचं. पण फुटबॉलला? मी चाचरत विचारलं की तसा नियम आहे का.

"नियम नाही रे. पण आपण इथं पाहुणे. विचारून केलेलं बरं."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आमच्या घरी भिंतीत खिळा ठोकायच्या आधी घरमालकाला विचारत. नाताळचा कंदील खिडकीत लावायच्या आधी विचारत, आणि घरमालक दरवर्षी चकित होऊन म्हणायचा, लावा की. त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हणता येईल हे त्याला आम्हीच दरवर्षी शिकवत होतो. माझा भावाइतका जवळचा कॅप्टन, त्याला मी हे सांगितलं तर त्याला कळेचना.

"कुणी अडवलंय?"

"कुणी नाही."

"मग विचारता कशाला?"

 माझा निम्मा राग तिथलाच आहे.

अंकल इस्त्रीचा शर्ट घालून स्वतः मॅनेजरकडे गेले. आता मला जे माहीत नव्हतं, आणि साहेबांनाही माहीत नसावं, ते असं की त्या मॅनेजरला फुटबॉलचं वेड होतं. कंपन्यांच्या लीगमध्ये त्याची टीम होती आणि तिलाही गोलकीपर नव्हता. त्यानं कॉलेजचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मुलाची उंची विचारली. मग म्हणाला, एनओसी कशाला, त्याला इकडेच घेऊन ये. स्टोअरमध्ये हेल्पर म्हणून लावतो, स्वतःचा व्हिसा देतो, शुक्रवारी आमच्याकडून खेळेल.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. आंटी आतून बाहेर आल्या नाहीत. अंकल माझ्याकडे न बघता बोलत होते.

"मी नाही कसं म्हणू, बाळा? माझा स्वतःचा व्हिसा त्याच्या हातात आहे."

मुलगा दारापर्यंत सोडायला आला. म्हणाला, सरांना सांग, नंतर कॉलेजात पुन्हा नाव घालीन. त्याचा त्यावर विश्वास होता.

मी तसाच साहेबांकडे गेलो. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, बरं झालं की, शिकून तरी नोकरीच करायची होती. मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसासमोर आवाज चढवला. म्हटलं, "साहेब, आपण विचारलंच नसतं तर?"

त्यांनी दार लोटून घेतलं. "हळू बोल. तुझे वडील हॉस्पिटलात आहेत ना?"

एवढंच म्हणाले. धमकी होती की काळजी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं बहुतेक. मी हळू बोललो. म्हणजे गप्प बसलो.

दहा नावांची यादी लीगनं घेतली नाही. जर्सी परत करायच्या आधी सरांनी शेवटची म्हणून एक मॅच ठरवली, आणि खेळायला तयार झाली ती नेमकी तीच कंपनी. त्यांच्या गोलमध्ये तो. आमचा एक शॉट त्यानं असा अडवला की आम्हीच टाळ्या वाजवल्या. हाफटाइमला सवयीनं तो आमच्या बाजूला पाणी प्यायला आला, सरांच्या शेजारी उभा राहिला. पलीकडून मॅनेजरनं बोटानं खूण केली. त्यानं ग्लास अर्धा ठेवला आणि "यल्ला, येतो" म्हणून धावत गेला. आम्ही हरलो. किती गोलनी ते विसरलो. तो अर्धा ग्लास अजून दिसतो.

पुढच्या वर्षी मैदानावर गाड्या लागल्या. ऑइलच्या रेषा बरेच दिवस चाकांखालून दिसत होत्या. कॉलेजच्या वार्षिक अंकात छापून आलं की विद्यार्थ्यांच्या अनास्थेमुळे टीम बंद करावी लागली. अनास्था. मी तो अंक घरी नेला नाही.

मी पास झालो, मनामातल्या एका बँकेत लागलो. वडिलांनी धुलाईतल्या सगळ्यांना पेढे वाटले. मधल्या काळात तेलाचे भाव उतरले, कंपन्या माणसं कमी करू लागल्या. त्या कंपनीनं टीम बंद केली एवढं कानावर आलं होतं. अंकल-आंटी त्याआधीच वसईला परतले होते, त्यामुळे तो कुठं आहे हे सांगणारं चर्चमध्येही कुणी राहिलं नव्हतं. मी धरून चाललो की त्याला दुसरीकडे काम मिळालं असेल.

मग एका संध्याकाळी सूकच्या बाजारात कॅप्टन भेटला. तो आता कॉलेजातच लॅबमध्ये नोकरीला होता. चहा घेताना त्यानं विचारलं, तुला गोलकीपरचं कळलं असेल ना. मला काहीच कळलं नव्हतं.

त्यानं सांगितलं, कंपनीची टीम बंद झाल्यावर सगळ्यात आधी खेळाडूंचेच व्हिसा रद्द झाले. परतीच्या विमानाच्या आधी काही दिवस तो कॉलेजात आला होता. पहिल्या वर्षाची मार्कशीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. पुन्हा पहिल्या वर्षापासून बसायला तयार आहे, फी साठवली आहे, म्हणाला. सुदानी सर तेव्हा सोडून गेले होते. त्याला साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी त्याला ओळखलं, बसवलं, चहा मागवला, आपलाच मुलगा म्हणाले. आणि सांगितलं की प्रवेशाचं बघू, इंशाल्ला, पण आधी कंपनीचं एनओसी घेऊन ये.

तो ते आणायला गेला. मॅनेजरनं दिलं नाही.