एकाच क्लबचा माणूस

अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉयला आम्ही दोन हजार दोनमध्ये राहायला आलो, तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. अपार्टमेंटमागच्या पार्कात शनिवारी सकाळी मुलांचं सॉकर चालायचं. चार ओळखी होतील म्हणून मी तिला तिथे नेलं. कोच साठीच्या आसपासचे होते, रुंद खांद्यांचे, उजव्या पायाने जरा लंगडणारे. आठवडाभर एका मशीन शॉपमध्ये लेथवर काम करायचे आणि शनिवारी मुलांना शिकवायचे. मूळचे रुमानियाचे.

"मी स्टॉपर," छातीवर हात ठेवून त्यांनी आम्हा पालकांना सांगितलं. शेजारी उभ्या असलेल्या पुण्याच्या एका बाईंना ते त्यांचं आडनाव वाटलं. पुढे कित्येक दिवस त्या कोचना 'मिस्टर स्टॉपर' अशीच हाक मारायच्या.

मी कोल्हापूरची. स्टॉपर म्हणजे गोलसमोर भिंतीसारखा उभा राहणारा डिफेंडर, हे मला लहानपणापासून ठाऊक. आमच्याकडे पेठेची फुटबॉल टीम म्हणजे घरातलं माणूस. एकदा गल्लीतला एक जण दुसऱ्या पेठेकडून खेळला, तर माझ्या वडिलांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. त्यामुळे कोचची गोष्ट कळली तेव्हा वाटलं, हा आपलाच माणूस.

ती गोष्ट त्यांच्या स्वयंपाकघरात कळली. आम्ही शाकाहारी म्हणून त्यांच्या बायकोने कोबीच्या पानांत भात आणि मशरूम भरून उकडले होते. तिला माझी मुलगी पहिल्या दिवसापासून काकू म्हणायची. कोचना इंग्रजी शब्द सापडत नसत, मग ते मीठदाणी आणि चमचे मांडून सामना दाखवत. गाव कोळशाच्या खाणींचं. खाणीचीच टीम. सतराव्या वर्षी ते टीममध्ये आले आणि गुडघा मोडेपर्यंत दुसऱ्या कुणाचा शर्ट अंगावर घातला नाही. राजधानीतल्या मोठ्या क्लबने बोलावलं होतं. फ्लॅट देऊ म्हणाले, गाडी देऊ म्हणाले. हे गेले, एक सकाळ तिथे सराव केला आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. पुढच्याच वर्षी खाणीची टीम खालच्या डिव्हिजनमध्ये घसरली. तरी हे तिथेच. नंतर राजवट बदलली, खाण बंद पडली, टीमही मोडली. मग त्यांच्या मुलीच्या मागोमाग दोघं इथे आले.

"पण परत का आलात?" मी विचारलं.

"आई एकटी होती."

"आई?" काकू शेगडीपाशी वळल्या. "ती तर हा शाळेत असतानाच गेली."

"गेली. पण कबर तिथे होती ना!"

"कबरीकडे कधी फिरकला नाहीस."

कोच हसले आणि चमचे गोळा करायला लागले. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने खांदे उडवले. पुढे एकदा पार्कात मी परत विचारलं. तेव्हा म्हणाले, "आमचा लेफ्ट बॅक फार वाईट खेळायचा. मी गेलो असतो तर त्याला कोणी सांभाळलं असतं?" आणखी एकदा म्हणाले, राजधानीतलं सूप आवडलं नाही. यातलं खरं काय, मला ठरवता येईना. मी स्वतः तेव्हा तिसऱ्या कंपनीत होते. मला वाटायचं, इतकी वर्षं एका जागी राहायला काहीतरी मोठं कारण लागत असणार.

मुलगी अकरा वर्षांची झाली तशी ती खरोखर छान खेळायला लागली. शेजारच्या गावातल्या एका मोठ्या टीमने तिला बोलावलं. तिथे चांगलं मैदान, पगारी कोच, वर्षभर सराव. आता कोच दुखावणार, या धास्तीने मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"जा," ते लगेच म्हणाले. "उद्याच जा."

"आय डोंट वॉन्ट टू लीव्ह यू, कोच," मुलगी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

ते एकदम चिडले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं चिडलेलं पाहिलं नव्हतं. "थांबायचं ते मी थांबलो. तू कशाला थांबतेस?" एवढं बोलून ते गोलपोस्टची जाळी सोडवायला निघून गेले. मी मुलीचा हात धरून गाडीपर्यंत आले, पण किल्ली लावायचं सुचेना. त्यांनी तिचं भलं केलं की तिला हाकललं? की स्वतःच्याच आयुष्याबद्दल काही बोलले? कोल्हापूरला फोन करून वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माणूस गोंधळलेला दिसतोय." मला तर आम्ही सगळेच गोंधळलेले वाटत होतो.

पानगळीत दोन्ही टीमचा सामना लागला. मुलगी नव्या टीमच्या बचावफळीत होती, कोच समोरच्या बाजूला, आपल्या जुन्या मुलांजवळ. पहिली पाच मिनिटं ते आपल्याच मुलांना सूचना देत होते. मग त्यांचाच एक पोरगा चेंडू घेऊन माझ्या मुलीच्या अंगावर धावून आला आणि कोच मैदानाच्या कडेने लंगडत पळत सुटले. तिलाच ओरडून सांगत होते, रुमानियन भाषेत! ते शब्द तिला सरावातून पाठ होते. ती एक पाऊल मागे सरकली, वाट पाहिली आणि चेंडू अलगद काढून घेतला. कोचनी दोन्ही हात वर केले.

"हूज साइड आर यू ऑन?" त्यांच्या टीममधल्या एकाचे वडील ओरडले.

कोचनी मागे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू हा प्रश्न त्यांनाही आत्ताच पडला होता. मग डोक्यावरची टोपी काढून ते बेंचवर जाऊन बसले आणि सामना संपेपर्यंत उठले नाहीत. त्यांची टीम हरली. मुलगी धावत जाऊन त्यांना बिलगली. मी मात्र कुणाचं अभिनंदन करावं ते न कळून लांबच उभी राहिले.

दोन हजार आठमध्ये नवऱ्याच्या ऑटो कंपनीत लेऑफ झाले आणि आम्ही मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला हललो. त्या उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. गावातल्या काही तरुणांनी खाणीची टीम पुन्हा उभी केली होती, अगदी तळच्या लीगमध्ये. पहिल्या सामन्याला कोचना जुने कॅप्टन म्हणून बोलावलं होतं, म्हणून दोघं जाऊन आली होती.

"रडले असतील ना?" मी विचारलं.

"रडायचं काय! हाफ टाइमला उठला आणि माझ्या बहिणीच्या घरी जाऊन झोपला. स्कोअरसुद्धा विचारला नाही."

"का?"

"मी चाळीस वर्षं विचारतेय," काकू म्हणाल्या. मग त्यांनी मुलीची चौकशी केली, ती अजून डिफेन्सलाच खेळते का म्हणून. मी हो म्हणाले. मागून कोच काहीतरी मोठ्याने बोलले. मी अर्थ विचारला, तर काकू म्हणाल्या, "ते तुझ्यासाठी नाही, टीव्हीला बोलतोय."