परत करायची तारीख

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या ग्रंथपाल बाई प्रत्येक मुलाला सुट्टीत काय वाचायचं त्याची चिठ्ठी द्यायच्या. सगळ्यांना एकच छापील यादी त्यांना पटत नसे. पाचवी ते नववीचा एकेक वर्ग वाचनालयात यायचा, एकेक मूल टेबलापुढे उभं राहायचं आणि बाई विचारायच्या, "सुट्टीत कुठे?" गावाला जाणाऱ्याला वेगळी पुस्तकं, इथेच खोलीत बसणाऱ्याला वेगळी. वडील वायरमन असले तर विजेचं एखादं. प्रत्येकाची चार ठरायची. बाई नावं सांगायच्या आणि चिठ्ठीवर मी लिहायचे.

मी त्या शाळेतली मावशी. वर्ग झाडणं, पाणी भरणं, घंटा देणं हे माझं काम. पण बाईंच्या डोळ्यांवर साखरेचा परिणाम झालेला, ओळ सोडून अक्षर वर चढायचं, म्हणून एके वर्षी त्यांनी मला बसवलं. सातवीत असताना फळ्यावर सुविचार लिहायचं काम माझ्याकडे होतं. माझं शिक्षण तिथेच संपलं. आठवीची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती. भाऊ गेला, मला पाठवलं नाही. पुढे लग्न झालं आणि परभणीकडून थेट टिटवाळ्याला आले. जवळच्याच मोहन्याच्या या शाळेत लागले तेव्हा मला जोडाक्षरंसुद्धा थांबून थांबून वाचावी लागत होती.

बाईंनी मला स्वतःच्या कार्डावर पुस्तकं घरी न्यायला दिली. कधी विचारलं नाही की वाचलंस का, कळलं का. परत दिलं की दुसरं हातात. आई फोनवर म्हणायची, "काय करायलीस?" मी म्हणायचे, "वाचायले." त्यावर आई, "लेकराबाळाची बाई तू, तुला कोणची परीक्षा आहे?" परीक्षा नव्हती म्हणूनच वाचता येत होतं. हे आईला कसं सांगायचं ते मला अजून जमलेलं नाही.

मी सांगतेय त्या वर्षी बाई मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी कोणी येणार नव्हतं. वाचनालयाच्या खोलीत पडदा आणि प्रोजेक्टर लावून डिजिटल वर्ग करायचा असं ठरलं होतं. पुस्तकांचं काय, असं बाईंनी मोठ्या सरांना विचारलं तेव्हा मी चहा घेऊन गेले होते. सर वाईट माणूस नव्हेत. ते मान खाली घालून म्हणाले, "कपाटात जे शिल्लक असेल ते निर्लेखित करावं लागेल, बाई. ठेवायला जागा कुठे आहे?"

जिन्यात मी बाईंना विचारलं, निर्लेखित म्हणजे काय.

"म्हणजे कागदावरून कमी करायचं," बाई म्हणाल्या. "आणि मग रद्दीच्या टेम्पोत."

दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या. "ते म्हणाले, कपाटात जे शिल्लक असेल ते. ऐकलंस ना तू? मग कपाटात काही शिल्लक ठेवायचं नाही."

त्या वर्षी चिठ्ठीवर चार पुस्तकं नव्हती. दहा, बारा, ज्याच्या दप्तरात जेवढी मावतील तेवढी. बाई तीन दिवस एकेका मुलाशी बोलत होत्या आणि मी लिहीत होते.

"हे सापांचं. तुझ्या चाळीमागे साप निघतात ना?"

"निघतात बाई. पप्पा मारतात."

"मग आधी पप्पांना दाखव. त्यातले निम्मे बिनविषारी आहेत."

"पप्पा म्हणतील, सापाला सांग, तू बिनविषारी आहेस, मग मारत नाही."

नववीतल्या एकाने मारामारीचं आहे का विचारलं. बाईंनी त्याला एका लांबलचक युद्धाचं जाडजूड पुस्तक दिलं. त्याने उचलून बघितलं आणि म्हणाला, "हेच फेकून मारलं तरी समोरचा जाईल." सातवीतली एक मुलगी, आंबिवली स्टेशनच्या पलीकडच्या गावातली, नाकात बोलणारी, चिठ्ठी वाचून म्हणाली, "बाई, एवढी? मी काय सुट्टीत आजारी पडणारे का?"

"गावातच असतेस ना सुट्टीत?"

"मग कुठे जाऊ? आमचा गाव हाच. लोकं गावाला जातात, आम्ही गच्चीवर जातो."

वर्ग हसला. बाईही हसल्या. ते तीन दिवस मला वाटलं होतं, होईल हे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंनी मला जवळ बसवलं. दुसऱ्या दिवसापासून दोन दिवस पुस्तकं वाटायची होती, आणि तेच दोन दिवस त्यांना डोळ्यात इंजेक्शन घ्यायला ठाण्याला जायचं होतं. तारीख आधीच घेतलेली, बदलता येत नव्हती. त्या म्हणाल्या, "तू एकटीने वाट. पण एक लक्षात ठेव. यंदा शिक्का मारायचा नाही. कार्डंही भरायची नाहीत. नुसती द्यायची."

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक कागद चिकटवलेला असायचा आणि त्यावर परत करायच्या तारखेचा शिक्का. सुट्टीच्या पुस्तकांवर तारीख असायची शाळेच्या पहिल्या दिवसाची. बाईंनी ही सवय मुलांना इतकी लावली होती की जूनमध्ये पहिल्या दिवशी पोरं प्रार्थनेच्या आधी वाचनालयाच्या दाराशी पिशव्या घेऊन उभी असायची. शिक्क्याची तारीख चुकवायची नाही, हे आमच्या शाळेतलं पोर गणवेशापेक्षा जास्त पाळायचं.

मी बाईंना म्हटलं, "नाही मारत." आणि खरंच मारायचा नव्हता.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत दोन वर्ग झाले. तेवढ्यात ऑफिसातले भाऊसाहेब दारात आले. त्यांनी एका मुलाच्या हातातली चळत घेतली, वरच्या पुस्तकाचं मागचं पान उघडलं.

"मावशी, शिक्का नाही?"

"बाई म्हणाल्या…"

"बाई मेमध्ये घरी जातील. शाळेची वस्तू आहे ही. उद्या कोणी विचारलं, एवढी पुस्तकं कुठे गेली, तर सही कोणाची दाखवणार मी? तुमची?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. ते एवढंच बोलले आणि गेले. पण माझी नोकरी कंत्राटी, दर जूनला नव्याने सहीची. सही भाऊसाहेबांच्या टेबलावरून जाते. माझ्या डोळ्यांपुढे आलं ते असं, की गेटवर चार माणसं आहेत आणि कोणीतरी म्हणतंय, परगावची बाई, हिनेच वाटली. आपल्या गावात असते तर कोणी तसं बोललं असतं का, माहीत नाही. इथे माझ्या बाजूने सांगणारं कोण होतं? बाई, आणि बाई तर निघाल्या होत्या.

मी ड्रॉवर उघडला. शिक्क्याची तारीख फिरवून शाळेच्या पहिल्या दिवसावर आणली. दाराबाहेर गेलेल्या दोन वर्गांनासुद्धा परत बोलावलं. शिक्के मारले, कार्डं भरली, आणि वर प्रत्येकाला सांगितलंही, "जपून हां, शाळेची वस्तू आहे." स्वतःला म्हणत होते की शाई आहे नुसती. वाचनालयच बंद झाल्यावर कोण आणतंय परत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कपाटं रिकामी झाली. सोमवारी बाई काळा चष्मा लावून आल्या, कपाटांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "शाब्बास." मी त्यांना काही सांगितलं नाही.

जूनमध्ये पहिल्या दिवशी मी गेट उघडायला गेले तेव्हा मुलं आधीच उभी होती. पिशव्या घेऊन. वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली, सुतळीने बांधलेली. एकीच्या आईने सुटलेला पुठ्ठा निळ्या दोऱ्याने शिवून दिला होता, गोधडीसारखे बारीक टाके. वाचनालयाला कुलूप होतं आणि आत नव्या रंगाचा वास. त्यामुळे पोरांनी भिंतीला लागून व्हरांड्यात चळती लावायला सुरुवात केली, पाचवीची इकडे, सहावीची तिकडे. कोणी सांगितलं नव्हतं.

मी एकेकाला म्हणत होते, "राहू दे रे तुझ्याकडे. घेऊन जा परत."

"नको मावशी. आजची तारीख आहे."

"काही होत नाही."

"आई ओरडेल. शाळेची वस्तू आहे."

नववीतून दहावीत गेलेला तो मुलगा युद्धाचं पुस्तक ठेवून म्हणाला, "अर्धं झालेलं. एक नंबर होतं." मी म्हटलं, मग ने की. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला चोरी करायला सांगत होते.

शाळा भरल्यावर भाऊसाहेब व्हरांड्यातून चालत गेले. "बघा," म्हणाले, "शिक्का होता म्हणून आली." चौथ्या दिवशी टेम्पो आला. सगळी पुस्तकं गोण्यांत भरावी लागली. भरायचं काम माझंच होतं. निळ्या टाक्यांचं पुस्तक मी पदराखाली घ्यावं असं मनात आलं होतं. घेतलं नाही. भाऊसाहेब उभे होते.

त्या रविवारी मी डोंबिवलीला बाईंच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, आवाजावरून मला ओळखलं, आणि चहा ठेवता ठेवता विचारलं, "मुलं वाचतायत का गं?" मी उभ्यानेच सगळं सांगितलं. शिक्का, कार्डं, व्हरांडा, टेम्पो.

चहा उतू गेला तरी त्यांनी गॅस बंद केला नाही. मी केला.

मग त्या म्हणाल्या, "तुझ्या जागी मीही घाबरले असते, असं मी म्हणणार नाही. मी नसते घाबरले. पण माझी नोकरी कायम होती."

"बाई, मी…"

"तुला एकटीला सोडायला नको होतं. इंजेक्शन पुढे ढकलायचं होतं." त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "सगळी आली?"

सगळी आली नव्हती. शेवटचं सांगायचं होतं ते हेच. कार्डं मी भरली असल्यामुळे कोणाकडे काय राहिलं ते ऑफिसात दिसत होतं, आणि यादीचा आकडा जुळायला हवा म्हणून भाऊसाहेबांनी मला ती पुस्तकं घरोघर जाऊन आणायला सांगितलं होतं.

"जाणार आहेस?"

"सही व्हायचीय, बाई."

"मग जा," त्या म्हणाल्या. रागाने नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दोन घरं सोपी होती. एक कुटुंब खोली सोडून गेलं होतं, कुठे ते शेजाऱ्यांना माहीत नव्हतं, आणि मी मनातून त्यांचे आभार मानले. दुसऱ्या घरी पुस्तक पाण्यात भिजून फुगलं होतं, तेही घेतलं. राहिली ती सातवीतली, आता आठवीतली, गच्चीवाली मुलगी. पहिल्या दिवसापासून ती शाळेतच आली नव्हती. तिच्या आजोबांना अर्धांगाचा झटका आला होता, आणि आई-वडील कामावर गेले की त्यांच्याजवळ तीच. बाकीची पुस्तकं तिने शेजारच्या मुलाबरोबर पाठवली होती, एकच राहिलं होतं.

त्यांची शेतं होती तिथे आता इमारती आहेत. घर मोठं, टाइल्सचं. ओटीवर खाटेवर आजोबा होते आणि ती स्टुलावर बसून त्यांना मोठ्याने वाचून दाखवत होती. मी पायऱ्यांशीच थांबले. बाजारात विकलेली म्हैस नव्या मालकाचं दावं तोडून निघते आणि खाडीकाठाने जुन्या घराकडे चालायला लागते, ते पुस्तक. निम्म्याच्या अलीकडेच होती ती.

मला बघून थांबली. "मावशी, मी आणणार होते. तारखेलाच. पण आजोबा सोडत नाय."

"बस गो बाय," आजोबा म्हणाले. शब्द एका बाजूने येत होते. "म्हस खाडीत हाय."

मी बसले. तिने आणखी दोन पानं वाचली. मग माझ्या लक्षात आलं की ती संपेपर्यंत अंधार होईल, आणि भाऊसाहेब साडेपाचला कुलूप लावतात. मी सांगितलं, पुस्तक न्यावं लागेल.

"मग परत द्याल? आमचं वाचून झालं नाय."

मी पिशवी उघडली. ती शहाणी पोर. पान दुमडायला गेली, मग न दुमडताच मिटलं आणि माझ्या हातात दिलं.

"पुढं काय जालं?" आजोबांनी विचारलं.

ते पुस्तक मी दोनदा वाचलेलं होतं. पिशवी खांद्याला लावून दारातच उभी राहून मी त्यांना सांगितलं, थोडक्यात. म्हैस खाडी ओलांडते. पायाला जखम होते. पोचते घरी, गोठ्यात जाऊन तिच्या जागेवर उभी राहते. आठ दिवसांनी नवा मालक येतो आणि जुना मालक तिला दावं लावून त्याच्या हातात देतो.

आजोबांनी मान फिरवली.

"देनारच," म्हणाले. "ईकली तं ईकली."

मुलगी स्टूल उचलून आत ठेवायला गेली. जाता जाता म्हणाली, "असं सांगून काय मजा, मावशी." मी पायऱ्या उतरले. पाच वाजून गेले होते, म्हणून स्टेशन ओलांडून शाळेपर्यंत मी जवळजवळ पळतच गेले. पुस्तक वेळेत जमा झालं. सोमवारी माझी सही झाली.