सोमवारचं वाचन

१९९९च्या मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी सात वाजता मी धुळ्याच्या एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी, रविवारी अकरा वाजता, पुण्यात माझी सॉफ्टवेअर टेस्टिंगची परीक्षा होती. केंद्राबाहेर लावलेल्या यादीत माझं नाव नव्हतं.

स्टँडवर पोहोचवायला नाना, म्हणजे माझे वडील, आले होते. त्यांनी दशम्यांचा डबा खिडकीतून आत दिला आणि गज धरून उभे राहिले.

"पहिले पुरा पेपर वाची जाय. मंग लिखजो."

"हाव, नाना."

"आन् टोकले पाहाजो. चूक तठेच ऱ्हास."

गाडी हलल्यावर ते फाटकापर्यंत तिच्या बाजूनं चालत आले.

नाना धुळ्याच्या एका छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलून उलट्या अक्षरांच्या ओळी लावायच्या, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. छापखान्यात संगणक आले, तेव्हा जुळाऱ्यांना घरी पाठवण्यात आलं. मालकानं काय हवं ते न्या म्हटल्यावर नानांनी खिळे ठेवायची एक लाकडी केस आणली. तिच्या लहान लहान खणांत माय बटणं, सुया आणि दोऱ्याची रिळं ठेवू लागली. नाना रोजचा पेपर पेन्सिल घेऊन वाचत. समासात चुकांच्या खुणा करत आणि संध्याकाळी तो रद्दीत टाकत. त्या खुणा कोणी पाहत नव्हतं.

मी जळगावच्या एका दैनिकात मुद्रितशोधक होते आणि पिंप्राळ्यात अक्कांकडे, नानांच्या थोरल्या बहिणीकडे, राहत होते. आमच्या टेबलावर चौघं होतो. उपसंपादक पडद्यावरच दुरुस्त्या करू लागले आणि पुढच्या दिवाळीपर्यंत हे टेबल राहणार नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं. त्याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीची जाहिरात आमच्याच पानावर आली. तिचं प्रूफ मीच वाचलं. दोन हजार साल उजाडण्याआधी जुने प्रोग्रॅम तपासून घ्यायचे होते. बारकाईनं वाचायची सवय असलेले पदवीधर चालतील, असं त्यात होतं. मी अर्ज केला, मुलाखत झाली. मार्चमध्ये टेस्टिंगची पहिल्या पायरीची परीक्षा पास झालात तर एप्रिलपासून रुजू व्हा, असं पत्र आलं. ही परीक्षा वर्षातून दोनदा होई, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. केंद्र पुण्याला.

अक्कांना मी कामाचं स्वरूप समजावून सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या.

"म्हंजे दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार भेटतो?"

"हो, अक्का."

"मंग मले घ्या म्हना. मी तं जलमभर फुकट काढते."

अभ्यासाला पुस्तक नव्हतं. मुलाखतीच्या वेळी मिळालेल्या इंग्रजी नोट्सची झेरॉक्स होती, सहा प्रकरणांची. माझी सुट्टी सोमवारी असे. पहिल्या गाडीनं मी धुळ्याला जाई आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येई. मधला दिवस आम्ही वाचायचो.

प्रूफ वाचायला दोघं लागतात. एक जण मूळ मजकूर मोठ्यानं वाचतो, दुसरा प्रूफावर नजर ठेवतो. वाचणारा विरामचिन्हंसुद्धा वाचतो. आम्ही अभ्यास तसाच केला. मी प्रश्नाचं उत्तर न पाहता वहीत लिहायची, मग नाना नोट्समधून वाचायचे आणि मी वही तपासायची. नानांना इंग्रजी अक्षरं येत होती, भाषा येत नव्हती. ते एकेक अक्षर सुटं वाचत. स्वल्पविराम आला की 'स्वल्प' म्हणत, वाक्य संपलं की 'पूर्ण'. एक पान व्हायला अर्धा तास लागे. सोमवारी ते इस्त्रीचा सदरा घालून बसत. पेन्सिल कानावर असे. माय म्हणायची, "छापखाना सुरू व्हई गया."

अर्थ ते मला विचारत. एका सोमवारी सीमेवरच्या किमतींचं प्रकरण होतं. अर्जात अठरा ते साठ वयाची माणसं चालत असतील, तर सतरा, अठरा, साठ आणि एकसष्ट टाकून पाहायचं, कारण प्रोग्रॅम हमखास तिथं चुकतो. नाना हसले. ओळीच्या मधोमध जुळारी सहसा चुकत नाही, म्हणाले. चुकतो तो ओळीच्या टोकाला, कारण तोवर त्याची नजर पुढच्या ओळीवर गेलेली असते. ते वाक्य मी नोट्सच्या समासात लिहून ठेवलं.

दुसऱ्या प्रकरणात एक तत्त्व होतं. ज्यानं काम केलं त्यानंच ते तपासू नये, आणि झालं असं कोणी सांगितलं म्हणून झालं असं धरू नये. दैनिकातही हाच नियम होता. पान छपाईला सुटलं का, हे विचारायचं नाही, जाऊन पाहायचं. ते प्रकरण मला पाठ होतं.

परीक्षेचा फॉर्म मी जानेवारीतल्या एका सोमवारी धुळ्यातच भरला. 'कायमचा पत्ता' या रकान्यात धुळ्याचा पत्ता लिहिला. दोन फोटो आणि बँकेचा ड्राफ्ट आत घालून पाकीट चिकटवलं. भरेपर्यंत पोस्ट बंद झालं होतं आणि मला ड्यूटीसाठी जळगावला परतायचं होतं. शुक्रवारी मुदत संपत होती. नाना म्हणाले, सकाळी मी रजिस्टर करतो. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं.

पुढच्या सोमवारी मी विचारलं.

"टाकी दिधा," नाना म्हणाले. "रजिस्टर करी दिधा."

"पावती कोठे शे?"

"खिसाम्हा व्हती. सदरा धोवाई गया."

बाहेरगावच्या उमेदवारांना प्रवेशपत्र केंद्रावरच मिळणार होतं, त्यामुळे उत्तराची वाट पाहण्याचं कारण नव्हतं. त्या सोमवारी आम्ही चौथं प्रकरण घेतलं. त्यानंतर आणखी सात सोमवार वाचलं.

पुण्यात केंद्रावरच्या बाईंनी यादी दोनदा पाहिली. मग आलेल्या अर्जांची फाईल काढून तीही पाहिली. "तुमचा अर्जच आलेला नाही," त्या म्हणाल्या. बाकीचे उमेदवार आत गेले. परीक्षा एक तासाची होती. तो तास मी बाहेरच्या बाकावर बसून होते. कंपनीनं त्याच आठवड्यात पत्र पाठवून जागा दुसऱ्याला दिल्याचं कळवलं.

सोमवारी संध्याकाळी मी धुळ्याला पोहोचले. नाना इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. मी सांगितलं. "पोस्टना घोळ व्हई," ते म्हणाले. माय म्हणाली, "जेवी ले पहिले."

मंगळवारी सकाळी मी पोस्टात गेले. काउंटरवरच्या कारकुनानं जानेवारीचं रजिस्टर काढून त्या आठवड्याच्या नोंदींवरून बोट फिरवलं. आमच्या नावाची नोंद नव्हती.

"नानांना मी ओळखतो," तो म्हणाला. "आले होते की ते. पाकिटाचं वजन केलं, तिकिटं घेतली, तिथं उभं राहून चिकटवली. मग म्हणाले, थोड्या वेळानं येतो. आले नाहीत."

मी घरी आले. माय भाकरी थापत होती. नाना पेपर वाचत होते.

"नाना, फॉर्म टाका का नही?"

त्यांनी पेपरची घडी घातली. चष्मा पुसला. मग कोनाड्यातून नोट्स काढल्या आणि सतरंजीवर माझ्या बाजूला ठेवल्या.

"सप्टेंबरम्हा परत शे ना परीक्षा. बठ. पहिलेपासून वाचूत."

मायचा हात थांबला नाही. तिला माहीत होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. नानांना मी त्या दिवशी पाच वेळा विचारलं, "का?" त्यांनी पाचही वेळा नोट्सचं पहिलं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं.

एप्रिलमध्ये मी जळगावची नोकरी सोडून पुण्याला आले. हडपसरला खोली घेतली, दिवसा एका कार्यालयात डेटा एंट्री केली आणि नव्या झेरॉक्सवरून एकटीनं अभ्यास केला. जुन्या नोट्स धुळ्यातच ठेवल्या होत्या. मेमध्ये नानांचं पोस्टकार्ड आलं. 'नोट्स येथेच राहिल्या आहेत. सांभाळून ठेवल्या आहेत. सोमवारी सुट्टी असते का?' मी उत्तर लिहिलं नाही. सप्टेंबरची परीक्षा मी पास झाले. फॉर्म स्वतः रजिस्टर केला. पावती अजून माझ्याजवळ आहे.

त्यानंतरची वर्षं टेस्टिंगमध्ये गेली. इथं पुण्यात आम्ही खान्देशातली माणसं हिवाळ्यात एकदा वांग्याच्या भरिताला जमतो. कोणाचा भाऊ दीपनगरला असतो, कोणाचं शेत बोदवडला. गाव कसं सुटलं, हे ज्यानं त्यानं सांगायचं असतं. कोणी म्हणतं नोकरीसाठी, कोणी म्हणतं लग्नामुळे. माझी पाळी आली की मी परीक्षा पास झाले असं सांगते. त्यात खोटं काही नाही. धुळ्यातले नातेवाईक वेगळं सांगतात. त्यांच्या मते पुण्याला गेल्यावर पोरगी बापाला विसरली. सणाला मी जात होते, दोन दिवस राहत होते. नाना जेवताना समोर बसत. सोमवार आला तर मी सकाळच्या गाडीनं निघत असे. 'कायमचा पत्ता' या रकान्यात मी सप्टेंबरच्या त्या फॉर्मपासून पुण्याचाच पत्ता लिहीत आले आहे.

नाना गेल्यानंतर माय माझ्याकडे राहायला आली. येताना तिनं खिळ्यांची ती लाकडी केस आणली, बटणांसकट. पुसायला म्हणून मी ती रिकामी करून उलटी केली, तेव्हा तळाच्या फळीला दोन लोखंडी खिळ्यांमध्ये अडकवलेलं पाकीट निघालं. ते चिकटवलेलंच होतं. तिकिटं जागेवर होती, त्यांवर पोस्टाचा शिक्का नव्हता.

मागच्या बाजूला पेन्सिलीनं, नानांच्या अक्षरात, तारखांची यादी होती. सगळे सोमवार होते, मार्चपासून सप्टेंबरपर्यंतचे. पहिला सोमवार परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीचा होता. त्याच्यापुढे 'प्रकरण १' असं लिहिलेलं होतं.