बोट लागलेली जागा

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. मी ओटावात लायब्ररीत काम करते. या ग्रुपवर कुणी अनुभव लिहिला की त्यामागचं साधं कारण शोधणाऱ्यांपैकी मी. या वेळी शोधून दमले, म्हणून लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी मी, माझा नवरा हेमंत आणि मुलगी सई जवळच्या गॅटिनोच्या डोंगरातली एक गुहा बघायला गेलो होतो. छतातून झिरपणाऱ्या पाण्यातला चुना साठत साठत तिथे पांढऱ्या नळ्या वाढतात. काही तर खाली न येता आडव्याच जातात... का, ते नीट कळलेलं नाही, असं तिथली फ्रेंच गाईड सांगत होती. तेवढ्यात हेमंतने नखाएवढ्या एका कोंबाला बोट लावलं.

"मस्यू, हात नाही," गाईड चिडली. "बोटाचं तेल लागलं की पाणी धरत नाही. आता हा वाढायचा नाही."

"बाबा, यू किल्ड इट," सई फोटो काढत म्हणाली.

"मारलं नाही गं, सही केली." पण ओशाळला होता.

गेल्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना हेमंत गेला. तेराव्याआधी मैत्रिणींनी प्रेमाने सगळं घर पुसून काढलं – फ्रिजचं दार, खिडक्या, त्याचा चष्मासुद्धा. त्याच्या बोटांचा एक ठसा उरला नाही. मी टॉर्च तिरका धरून फ्रिजच्या दारावर शोधत बसायचे. "आई, प्लीज स्टॉप," सई रडायची. मग मला ती गुहा आठवली.

जूनमध्ये आम्ही दोघी गेलो. गाईड तीच. त्या कोपऱ्यातलं पाणी आटलं होतं, आजूबाजूच्या नळ्या कोरड्या ठणठणीत. सईने फोनवर जुना फोटो उघडला. तीच भेग, तोच तांबूस डाग. आणि त्याने बोट लावलेला कोंब... बोटभर वाढला होता. आडवा, आमच्या दिशेने. टोकाला थेंब.

"जागा चुकली असेल," गाईड म्हणाली. "एवढं वाढायला शेकडो वर्षं लागतात." मग तिने फोटो पुन्हा पाहिला आणि टॉर्च त्या कोंबावर धरला.

माझा हात वर गेला होता. इतक्या महिन्यांत मला फक्त एवढंच हवं होतं.

सईने मनगट धरलं. "आई, नको," ती चक्क मराठीत म्हणाली. "तू हात लावलास तर थांबेल ते."

नाही लावला.

कारण मला अजून सापडलेलं नाही. कुणाला ठाऊक असेल तर लिहा. पुन्हा जायचं मनात आहे, पण सई बरोबर असेल तरच... एकटी गेले तर माझा हात माझं ऐकणार नाही.