हायड्रोजनला सोसायटीची मंजुरी

हसमुखभाईंनी आमच्या ऑफिसचा मेन स्विच पाडला, तेव्हा कॉम्प्युटरवर जहाजाच्या इंजिनाचा एक सिलेंडर जळत होता. यूपीएस कोकलायला लागला. म्हणजे हातात फार तर अर्धा तास.

२०१८ सालची गोष्ट. डहाणू रोडला, मसोलीच्या बाजूला, एका रहिवासी सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. माणसं दोन: मी आणि तलासरीहून मोटरसायकलवर येणारा नीलेश. काम कम्बशन मॉडेलिंगचं. इंजिनात इंधन कसं जळेल ते आधी गणितात जाळून पाहायचं. काही जहाजांची इंजिनं नॅचरल गॅसवर चालतात. त्यात हायड्रोजन मिसळला की कार्बन कमी होतो. पण हायड्रोजन फार झपाट्याने पेटतो. प्रमाण चुकलं तर भडका सिलेंडरमधून उलटा हवेच्या पाइपात शिरतो. त्याला बॅकफायर म्हणतात. हायड्रोजन किती टक्क्यांपर्यंत चालेल, एवढंच आम्ही सांगायचं होतं. सोमवारी रिपोर्ट गेला नाही तर काम पुण्याच्या कंपनीकडे जाणार होतं, आणि डहाणूतलं ऑफिस बंद होणार होतं.

स्विच पडला नीलेशमुळे. ऑफिसात मोबाइलला रेंज फक्त गॅलरीत. तिथून तो क्लायंटच्या देशपांडे साहेबांना ओरडून सांगत होता, “सर, दहा टक्के हायड्रोजन घातला तरी भडका मागे येतोय! काल तर अख्खा सिलेंडर पेटला!”

आमच्या धंद्यात सगळे असंच बोलतात. ‘कॉम्प्युटरवर’ हा शब्द कोणी लावत बसत नाही. खालच्या गॅलरीत कुसुमताई मिरच्या वाळत घालत होत्या. त्या तडक सेक्रेटरींकडे गेल्या. सेक्रेटरी म्हणजे हसमुखभाई. स्विच पाडून दोघं वर आले.

“मॅडम, डहाणूत कारखान्याला परमिशन नाय मिळत, आन तुमी सेकंड फ्लोअरला हायड्रोजन जाळता?”

“तो खरा नाही हो. नुसते आकडे आहेत.”

“मग काल पेटला तो सिलेंडर कुठला?” कुसुमताईंनी विचारलं.

“कॉम्प्युटरमधला.”

“अगं बाई, कॉम्प्युटरमध्ये ठेवलाय?”

मी त्यांना दोन्ही खोल्या दाखवल्या. कपाटं उघडली. चहासुद्धा इंडक्शनवर होतो हे दाखवलं. कुसुमताईंनी चारही कोपरे हुंगले.

“वास तर येत नाही,” त्या म्हणाल्या.

“हायड्रोजनला वास नसतोच, काकी,” नीलेश म्हणाला. माहिती बरोबर, वेळ चुकीची.

“बघा! आहे म्हणजे!”

हसमुखभाईंनी निकाल दिला. “पयले हायड्रोजन काढा. मग लाइट.”

“लाइट दिल्याशिवाय तो काढता येत नाही,” मी म्हणाले. हे शंभर टक्के खरं होतं.

दोघांनी जिन्यात जाऊन खल केला आणि लाइट दिला. त्यांच्यासमोर मी हायड्रोजनच्या रकान्यात शून्य टाकलं आणि गणित नव्याने चालू केलं. हसमुखभाईंनी चष्मा लावून शून्य वाचलं.

“आणि काढलेला कुठे गेला?” कुसुमताई.

नीलेश तोंड उघडणार, तेवढ्यात मी खिडकी उघडली. त्यांचं समाधान झालं.

उद्यापर्यंत शून्याला हात लावायचा नाही, असं हसमुखभाईंनी बजावलं. खरं तर नुसत्या नॅचरल गॅसचं गणित मला आधीच करायचं होतं. देशपांडे साहेबांनी उडवून लावलं होतं. “आमचं इंजिन रोज त्याच गॅसवर चालतं. त्यात काय बघायचंय? वेळ घालवू नका.”

दुसऱ्या दिवशी निकाल आला. हायड्रोजन शून्य, तरीही भडका मागेच. मी स्वतः फोन केला. गच्चीवर जाऊन, दार लावून, म्हणजे खाली ऐकू जाणार नाही.

“अशक्य!” देशपांडे साहेब म्हणाले. “ते जहाज आत्ता समुद्रात आहे. मजेत चाललंय.”

“मग तुम्ही पाठवलेल्या व्हॉल्व्ह उघडायच्या वेळा कुठल्या इंजिनाच्या आहेत?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, “पाच मिनिटांत फोन करतो.”

वेळा दुसऱ्याच मॉडेलच्या होत्या. त्या वेळांनुसार, आत आग विझायच्या आधीच हवेचा व्हॉल्व्ह उघडत होता. आळ मात्र हायड्रोजनवर.

दुरुस्त वेळा आल्या. आता हायड्रोजन परत घालायला हवा होता, आणि स्विच हसमुखभाईंच्या ताब्यात होता. पार्किंगमध्ये मीटिंग भरली.

“किती घालनार?”

“तीस टक्के.”

“धा करा.”

“दहात माझं काम होत नाही, हसमुखभाई.”

“बरं, पंधरा. बिल्डिंग जुनी हाय.”

चिकूच्या पाटीचा भाव ठरावा तसे आम्ही पंचवीसवर आलो. खिडकी उघडी ठेवायची, ही कुसुमताईंची अट. मंजूर.

वीस टक्क्यांपर्यंत इंजिन शांत चाललं, पंचवीसला भडका मागे आला. सोमवारी रिपोर्ट गेला, काम आमच्याकडेच राहिलं. पंचवीसच्या वर का तपासलं नाही, असं देशपांडे साहेबांनी विचारलं. “गरज नव्हती,” मी म्हणाले.

मिश्रण तपासण्याआधी साधा गॅस एकटा जाळून बघावा, क्लायंट नको म्हणाला तरी. तेव्हापासून आमचं प्रत्येक काम शून्य टक्क्यापासून सुरू होतं. ही पद्धत कुठून आली असं कोणी विचारलं, तर ‘स्टँडर्ड प्रोसिजर’ म्हणून सांगते.