इराच्या उष्टावणाची वाटी

आमच्या घरात असल्या गोष्टींवर कुणाचाच विश्वास नव्हता, आणि मी तर त्यात सगळ्यांच्या पुढे. मैत्रिणी ग्रुपवर असे अनुभव टाकायच्या तेव्हा मी त्यांना झोप पुरी करायचा सल्ला द्यायचे. आज मीच इथे लिहायला बसलेय याचं हसू येतंय… आणि नुसतं आठवलं तरी मळमळतंय. जेवता जेवता वाचत असाल तर ताट आधी संपवा.

आम्ही नेदरलँड्समध्ये, ब्रेडाला राहतो. माझा नवरा निरंजन एका वेअरहाउसिंग कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. ही गोष्ट दुसऱ्या लॉकडाउनच्या हिवाळ्यातली, आमच्या लेकीला, इराला, तेव्हा सातवा महिना लागला होता. आम्हा दोघांना कोविड होऊन गेला होता. ताप चार दिवसांत गेला, पण वास गेला तो गेलाच. हिंगाच्या डबीत नाक खुपसलं तरी काही नाही. निरंजनचंही तेच.

खरी काळजी इराची होती. आमच्या आजारपणानंतर तिने दूध जवळजवळ तोडलं. अंगावरचं घेईना, बाटली घेईना. बाळांचं वजन बघायच्या सेंटरवरची नर्स संगणकावरची रेघ दाखवून म्हणाली, "ही खाली झुकतेय. आता वरचं सुरू करा." केळं, गाजर, खिमटी… सगळं करून पाहिलं. जे तोंडात जाई ते थुंकून बाहेर येई. पुढच्या वेळीही वजन वाढलं नाही तर हॉस्पिटल, असं तिने शांतपणे सांगितलं. इथले लोक सगळंच शांतपणे सांगतात. मला मात्र रात्री झोप लागेना.

पुण्याहून आई फोनवर म्हणाली, "अगं, आधी उष्टावण करा. रीतसर काही न करता कोंबताय तिच्या तोंडात, ती कशी खाईल?" मला ते पटलं नव्हतं, पण त्या वेळी कुणी काहीही सांगितलं असतं तरी मी केलं असतं. अडचण एकच. चांदीची वाटी-चमचा दादा घेऊन येणार होता, आणि विमानं बंद. वाटी आईच्या कपाटात, मामा कोथरूडमध्ये, भाची इथे.

तेव्हा निरंजन म्हणाला, "चांदीची वाटी आहे की आपल्याकडे."

हे जरा सांगायला हवं. लॉकडाउनमध्ये लोकांनी पाव भाजले, आमच्या साहेबांनी सेकंडहँड मेटल डिटेक्टर घेतला. शनिवार आला की गाडी काढून डेन बॉस शहराच्या पलीकडे, मास नदीच्या काठी. एका शेतकऱ्याने परवानगी दिली होती. सोड्याच्या बाटल्यांची झाकणं, खिळे, ट्रॅक्टरचे नट-बोल्ट असा खजिना घरी यायचा, आणि चिखलाचे बूट माझ्या शॉवरमध्ये. एकदा मात्र त्याला अंगठ्याच्या नखाएवढं चांदीचं नाणं मिळालं. चपटं नाही, खोलगट, अगदी बाहुलीच्या भातुकलीतली वाटी. बाहेरच्या बाजूने घोड्यासारखं काहीतरी, आतून तीन वळणदार फाटे. त्याने फोटो कुठेतरी पाठवले आणि कळलं की दोन हजार वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्या एका केल्टिक जमातीचं ते नाणं आहे. पुढे रोमनांनी त्या जमातीला मारून संपवलं म्हणे. निरंजनच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मी ते साबणाने घासलं, बाटल्यांच्या स्टरिलायझरमध्ये घालून काढलं. दादा व्हिडिओ कॉलवर, आई मागून सूचना देतेय, इरा खणाच्या झबल्यात. निरंजनने नाण्यात खिरीचे दोन थेंब घेतले आणि ते घट्ट धरून तिच्या ओठांना लावलं.

आणि मला वास आला.

इतक्या आठवड्यांनी पहिला वास… आणि तो खिरीचा नव्हता. ओली, कुजलेली कातडी, खवट चरबी, तुंबलेलं गटार. मी तोंडावर हात दाबला आणि समोर पाहिलं, तर इरा ते नाणं चाटत होती. मिटक्या मारत. डोळे अर्धवट मिटून. निरंजनने हात मागे घेतला तर तिने पिल्लाने चोच उघडावी तसं तोंड उघडलं.

"खाल्लं गं बाई खाल्लं," पुण्यात आई रडायला लागली. निरंजन हसत होता. त्याला कुठे कसला वास येत होता.

तेव्हापासून आमच्या घरात एक घाणेरडा क्रम सुरू झाला. नाणं ओठांना लावायचं, की ती एक चमचा वरणभात घ्यायची. पुन्हा नाणं, पुन्हा चमचा. नाणं नसेल तर ओठ गच्च मिटलेले. मी एका हाताने भरवायचे, मान दुसरीकडे वळवून, तोंडाने श्वास घेत. दर वेळी उकळवून, पुसून डबीत ठेवलेलं नाणं पुढच्या वेळी बुळबुळीत असायचं. पिवळसर, तेलकट थर. निरंजनने ते सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद पिशवीत घातलं. तरी तेच. "कंडेन्सेशन असेल," तो म्हणाला, पण नंतर त्याने बोटं तीनदा धुतली हे मी पाहिलं.

डॉक्टरांना फोन केला तर म्हणाल्या, कोविडनंतर नाक असे खोटे वास देतं, घाबरू नका. चला, माझं नाक बिघडलंय. पण वजनाची रेघ वर जात होती. नर्स खूश, आजी खूश.

आणि मला माझ्याच लेकीची किळस यायला लागली. हे लिहितानाही हात अडतोय, पण तसं झालं खरं. तिच्या तोंडाला तो वास यायचा. ती गालाला गाल लावायला आली की माझी मान आपोआप मागे जायची. आई म्हणवून घ्यायची लाज वाटायची, आणि पुढच्या घासाला पुन्हा तीच घाण मी तिच्या ओठांना लावायचे.

मग त्या फोटो पाठवलेल्या ठिकाणाहून एका निवृत्त जाणकार गृहस्थांची मेल आली. त्या जमातीचे लोक अशी नाणी नदीत सोडायचे, कापलेल्या जनावरांबरोबर, त्यांच्या देवासाठी. नाणं प्रत्यक्ष बघायला मिळेल का, असं त्यांनी विचारलं होतं.

मी वाचलं आणि अंगावर काटा आला. कुणाच्या तरी देवापुढचा नैवेद्य आपण चिखलातून उपसून पोरीच्या तोंडात घातला होता.

"बघायला कशाला, घेऊनच जा म्हणावं त्यांना," मी म्हणाले.

"वेडी आहेस का? तिने खाणं सोडलं तर?" निरंजन पहिल्यांदाच ओरडला. "वजन वाढू दे आधी. तुझ्या नाकापायी पोरीला उपाशी ठेवणार आहेस का?"

तरी मी त्या गृहस्थांना मेल करून बोलावलं.

भर दुपारी आले. उंच, म्हातारे, मास्क लावलेले, दारापासून दीड मीटरवर उभे. इरा माझ्या कडेवर. मी डबी उघडून पुढे केली, तसे ते एकदम मागे सरले. मास्कवरून हात दाबला. मग ओशाळून, फार सभ्यपणे म्हणाले, "माफ करा, पण तुमच्याकडे आत कुठे मांस खराब झालंय का?"

आमच्या घरात मांस शिजत नाही. मी निरंजनकडे पाहिलं. तो भिंतीला टेकला होता. इराने डबीकडे झेप घेतली, तोंड उघडून, लाळ गळत. मी तिला आवळून धरलं आणि म्हणाले, "घेऊन जा, प्लीज."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. ती रडायची, काही घ्यायची नाही, निरंजन माझ्याशी बोलायचा नाही. हॉस्पिटलची बॅग भरून दाराशी ठेवली होती. आणि एका सकाळी, मी वरणात कालवलेला भात चाखून बघत होते, तर तिने माझं बोट धरून स्वतःच्या तोंडात घातलं. खाल्लं. मग आणखी. मी ओट्याशी खाली बसून हमसून हमसून रडले.

उन्हाळ्यापर्यंत आम्हा दोघांचीही नाकं जागेवर आली. आधी कॉफी, मग फोडणी, मग निरंजनचे मोजे. नाणं आता कुठल्याशा संग्रहात आहे. तिथे त्याला वास येतो का, हे मी विचारलेलं नाही.

इरा आता शाळेत जाते, मराठीत विचारलं की डचमध्ये उत्तर देते आणि दोन माणसांचं जेवते. तिचं सगळं छान आहे.

फक्त मला तिचा वास येत नाही. न्हाऊन आली तरी नाही, खेळून घामेजून आली तरी नाही. कपाटातल्या तिच्या फ्रॉकला साबणाचा वास असतो. तो तिने अंगात घातला की तोही जातो. निरंजनला येतो, तो तिच्या केसांत नाक खुपसतो आणि म्हणतो, "शेंगदाण्याच्या लाडवासारखा." नाकाच्या डॉक्टरांनी सगळ्या कुप्या हुंगायला दिल्या, मी एकही चुकले नाही. याचं कारण ते सांगू शकले नाहीत, मलाही ठाऊक नाही. तुमच्यापैकी कुणाला असेल तर सांगा.

झोपताना ती कुशीत शिरते आणि म्हणते, "आई, लाइट ऑफ कर ना." मी म्हणते, थांब जरा. अंधार झाला की माझ्या कुशीत कोण आहे, हे मला कळत नाही.